छेदात काय आहे? 'हरित इमारत ऊर्जा वाचवते' या वाक्याची झाडाझडती

शाश्वत बांधकाम या विषयात पीएचडी करायला निघालेल्या कुणाचाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या नाहीतर दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: 'हरित प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती नेहमीच्या इमारतींपेक्षा अमुक टक्के कमी ऊर्जा वापरतात.' हा अमुक कधी २५ असतो, कधी ३०, कधी थेट ४०. पुढे कंसात दोन आडनावं, एक साल, आणि गाडी पुढच्या परिच्छेदात. मुलाखतीत समितीतल्या एखाद्या मॅडमनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं की "टक्के कशाचे?", तर बहुतेकांची पंचाईत होते.

तर आज या वाक्याच्या मुळाशी जाऊ. तुमचा विषय वास्तुशास्त्र नसला तरी वाचा, कारण हा वाद इमारतींचा कमी आणि अपूर्णांकाचा जास्त आहे. वर अंश, खाली छेद. आपण सगळे अंशाकडे बघतो. खरा खेळ छेदात असतो.

सुरुवात २००८ सालापासून. 'लीड' हे अमेरिकेतल्या यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र तुम्ही ऐकलं असेल. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी आयटी पार्कच्या लॉबीत त्याची काचेची गोल पाटी लावलेली असते. या प्रमाणपत्रवाल्या इमारती वापरात आल्यावर प्रत्यक्षात किती ऊर्जा खातात, हे न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटच्या टर्नर आणि फ्रँकेल यांनी त्या कौन्सिलसाठीच तपासलं. २००६ अखेरपर्यंत नव्या बांधकामाचं प्रमाणपत्र मिळालेल्या ५५२ इमारतींकडे त्यांनी माहिती मागितली. किमान वर्षभराची आकडेवारी दिली १२१ इमारतींनी. त्यांचा ऊर्जावापर निघाला वर्षाला दर चौरस फुटामागे ६९ हजार बीटीयू. अमेरिकेच्या सरकारी सर्वेक्षणात, म्हणजे २००३ च्या सीबेक्समध्ये, सगळ्या व्यापारी इमारतींचा आकडा होता ९१ हजार. म्हणजे बचत २४ टक्के. तुमच्या सिनॉप्सिसमधला 'साधारण २५ टक्के' बऱ्याचदा फिरत फिरत इथूनच आलेला असतो.

आता जरा थांबा. ५५२ पैकी १२१, म्हणजे पाचातल्या एकाने थोडं वर. उरलेल्या चौघांचं काय? माहिती देणं ऐच्छिक होतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी गल्लीत कोण पेढे वाटत फिरतं, हे आपल्याला माहीत आहे. ज्यांनी बिलं नीट जपली, ज्यांच्याकडे देखभालीला माणूस होता, ज्यांना आकडे दाखवायला संकोच नव्हता, तेच पुढे आले असण्याची शक्यता जास्त. अहवालकर्त्यांनी हे आकडे लपवले नाहीत, ते स्पष्ट छापलेत. लपतात ते नंतर, आपण उद्धृत करतो तेव्हा.

दुसरी गोष्ट जास्त खुबीची आहे. तो ६९ चा आकडा मध्यक आहे, म्हणजे मीडियन: सगळ्या इमारती चढत्या क्रमाने उभ्या करून मधली निवडायची. आणि ९१ चा आकडा? तो एकूण ऊर्जेला एकूण क्षेत्रफळाने भागून आलेला. एका बाजूला मध्यक, दुसऱ्या बाजूला सरासरी. ऊर्जावापराच्या आकड्यांना वरच्या बाजूला लांब शेपूट असतं. काही मोजक्या इमारती भरमसाट खातात आणि सरासरीला वर ओढतात, पण मध्यकाला त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे दोन्ही गटांतल्या इमारती अगदी सारख्या असत्या तरी अशा तुलनेत पहिला गट काटकसरीच दिसला असता. दहावीच्या मुलाचं वजन किलोत आणि त्याच्या मित्राचं पौंडात सांगून कोण जाड ते ठरवण्यासारखं आहे हे. इथे फरक एवढाच, की चूक नजरेत भरत नाही.

२००९ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले न्यूशॅम आणि त्यांचे सहकारी हीच आकडेवारी घेऊन पुन्हा बसले. त्यांनी प्रयोगशाळा, डेटा सेंटर असल्या खादाड इमारती बाजूला काढून १०० इमारती ठेवल्या आणि प्रत्येकीला वापर, आकार, वय, हवामान बघून सीबेक्समधली जोडीदार शोधली. ही पद्धत टर्नर-फ्रँकेलपेक्षा कितीतरी चांगली. त्यांचं उत्तर: सरासरीने दर चौरस फुटामागे १८ ते ३९ टक्के बचत. पण याच पेपरात असंही आहे की यातल्या २८ ते ३५ टक्के इमारती आपल्या बिनप्रमाणपत्राच्या जोडीदारापेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या. शिवाय इमारत सिल्व्हर आहे की गोल्ड की प्लॅटिनम, याचा मोजलेल्या वापराशी फारसा संबंधच दिसला नाही. पेपरच्या शीर्षकातच प्रश्न आहे, 'लीड इमारती ऊर्जा वाचवतात का?', आणि पुढे उत्तर, 'हो, पण…'. मला हा 'पण' फार आवडतो. पेपर उद्धृत करणाऱ्यांनी मात्र 'हो' उचलला आणि 'पण' तिथेच सोडला.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात ओबरलिन कॉलेजचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफील्ड यांनी उत्तर दिलं. शीर्षकात तोच प्रश्न, शेवट वेगळा: 'तसं काही नाही…'. डेटा तोच. मग उत्तर उलटं कसं?

इथे कागद-पेन घ्या. एक काल्पनिक गट धरू. नऊ छोट्या इमारती, प्रत्येकी १,००० चौरस मीटर, प्रत्येकीचा वापर वर्षाला चौरस मीटरमागे १०० युनिट. दहावी एक धूड: ९१,००० चौरस मीटर, वापर चौरस मीटरमागे २०० युनिट. या गटाची 'सरासरी' किती? दहा आकडे घेऊन दहाने भागलं तर ११० येतं. एकूण ऊर्जा घेऊन एकूण क्षेत्रफळाने भागली तर १९१. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण कोळसा किती जळला हा तुमचा प्रश्न असेल, तर ११० ला काही अर्थ नाही. त्या आकड्यात ९१,००० चौरस मीटरच्या इमारतीला आणि एका छोट्या इमारतीला सारखंच मत आहे. ग्रामपंचायतीत ते ठीक, ऊर्जेच्या हिशेबात नाही.

स्कोफील्ड यांचं म्हणणं नेमकं हेच होतं. न्यूशॅम यांनी वापरलेली सरासरी त्या इमारतींनी मिळून प्रत्यक्ष किती ऊर्जा खाल्ली याच्याशी जोडलेलीच नाही. त्यांनी गटातली ३५ कार्यालयं घेऊन क्षेत्रफळाप्रमाणे वजन देऊन हिशेब मांडला, तेव्हा प्रमाणपत्रवाली कार्यालयं आणि त्यांचे जोडीदार सांख्यिकीदृष्ट्या सारखेच निघाले.

त्यांचा दुसरा आक्षेप मीटरचा. इमारतीच्या मीटरवर एक युनिट दिसतं, पण औष्णिक केंद्रात त्यासाठी ढोबळमानाने तिप्पट उष्णतेचा कोळसा जाळावा लागतो, बाकी उष्णता धुरांड्यातून आणि पाण्यातून निघून जाते. मीटरपाशी मोजायचं की खाणीपाशी? घरच्या ओट्यावर हाच प्रश्न आहे. इंडक्शन शेगडी आणि गॅस यांची तुलना मीटरपाशी केली की इंडक्शन सहज जिंकतं. ती वीज कोळशाची असेल आणि तुम्ही खाणीपासून मोजायला लागलात, तर लढत एकदम चुरशीची होते. पेपर वाचताना 'साइट एनर्जी' की 'सोर्स एनर्जी' हे दोन शब्द शोधा. सापडले नाहीत तर पेपर बाजूला ठेवा.

स्कोफील्ड पूर्ण बरोबर आहेत का? सरासरीच्या मुद्द्यावर माझ्या मते हो, निर्विवाद. पण ३५ इमारती म्हणजे फार लहान नमुना, आणि क्षेत्रफळाचं वजन दिलं की दोन-तीन मोठ्या इमारतीच सगळा निकाल ठरवतात. अशा नमुन्यात 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं त्यांनी सिद्ध केलं. दुसरं त्यांच्या चाहत्यांनी लिहिलं. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये 'स्कोफील्ड यांच्या मते हरित इमारती निरुपयोगी' असं लिहू नका. तीही तेवढीच आळशी उचल.

पुढे त्यांना बरा डेटा मिळाला. न्यूयॉर्क शहराने कायदा करून मोठ्या इमारतींना ऊर्जावापर दरवर्षी जाहीर करणं सक्तीचं केलं. पेढेवाल्यांपुरतं मर्यादित राहिलं नाही, नापासांनाही गुणपत्रिका दाखवावी लागली. २०११ च्या त्या आकडेवारीतली ९५३ कार्यालयं त्यांनी २०१३ च्या पेपरात तपासली, त्यात लीडवाली २१. एकत्रित हिशेबात बचत शून्य. गोल्ड दर्जाच्या इमारती मात्र इतरांपेक्षा २० टक्के सरस, आणि सिल्व्हर व साध्या प्रमाणपत्रवाल्या उलट मागे. इथेही २१ हा आकडा छोटाच. पण नमुना कुणी स्वतःहून दिलेला नाही, या एका कारणासाठी मी हा पेपर आधीच्या तिन्हींच्या वर ठेवते.

आता मला या सगळ्यांचीच एक तक्रार करायची आहे. हो म्हणणारे, नाही म्हणणारे, हो-पण म्हणणारे, सगळ्यांच्या छेदात एकच गोष्ट आहे: क्षेत्रफळ. दर चौरस फूट, दर चौरस मीटर. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरो कार्यालयांना जे तारे देतं त्याचा पायाही तोच, वर्षाला चौरस मीटरमागे युनिट. (निदान ते तारे प्रत्यक्ष बिलांवरून मिळतात, संगणकातल्या अंदाजावरून नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू.)

दोन घरं कल्पना करा. एक ४५० चौरस फुटांचं, माणसं पाच, महिन्याला १५० युनिट. दुसरं १,८०० चौरस फुटांचं, माणसं दोन, महिन्याला ३६० युनिट. चौरस फुटामागे पहिलं घर ०.३३ युनिट खातं आणि दुसरं ०.२०. म्हणजे दुसरं घर जास्त 'हरित'. माणशी बघा: पहिल्यात ३०, दुसऱ्यात १८०. सहापट. क्षेत्रफळ छेदात टाकलं की रिकाम्या खोल्या पुण्यकर्म ठरतात. बंद ठेवलेली पाहुण्यांची खोली दरमहा तुमची 'कार्यक्षमता' सुधारत असते. दाटीवाटीने राहणारं, एका पंख्याखाली पाच जणांना झोपवणारं घर मात्र या मोजपट्टीवर नापास.

क्षेत्रफळ वापरायला कारण आहे, ते मान्य. नकाशावर ते पक्कं असतं, माणसं येतात-जातात, आणि माणशी मोजायला गेलं की खाजगी आयुष्यात डोकावावं लागतं. कार्यालयात तर दोन पाळ्यांचं काय करायचं हाही प्रश्न येतो. सोयीचा छेद म्हणून चालेल. पण सोय आणि सत्य यांची गल्लत झाली की धोरणं कशी होतात बघा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, हरित इमारतींना प्रोत्साहन आहे: ग्रिहाचे तीन, चार, पाच तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम मिळवलं की मूळ चटईक्षेत्रावर अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय. म्हणजे बक्षीस काय? जास्त बांधकाम. जास्त सिमेंट, जास्त स्टील, थंड करायला जास्त खोल्या. कार्यक्षमतेचा छेद मोठा केल्याबद्दल छेदच इनाम! यामागचं व्यवहारी शहाणपण मला कळतं, बिल्डरला एफएसआयएवढी गोड भाषा दुसरी नाही. पण ही बचत जादा ७ टक्के बांधकामाचा खर्च भरून काढते का, हा तीन वर्षांच्या प्रबंधाला पुरेल एवढा प्रश्न आहे. कुणी घेणार असेल तर खुशाल घ्या.

छेदाखेरीज आणखी एक जागा अशी आहे जिथे पाणी मुरतं: तुलना कोणाशी. प्रमाणपत्राच्या वेळी इमारत वापरात नसते, म्हणून संगणकात दोन इमारती चालवतात. एक तुमची, एक नियमपुस्तकातली 'सर्वसाधारण'. दोघींतला फरक म्हणजे बचत. लीडने यासाठी वापरलेल्या अ‍ॅश्रेच्या ९०.१ मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत एक गमतीचा नियम आहे. तुमच्या इमारतीत थंड करण्याची यंत्रणाच नसेल, तर मॉडेलमध्ये ती असल्याचं धरायचं, आणि ती सर्वसाधारण इमारतीसारखीच धरायची. म्हणजे एसी कार्यक्षम घेतला तर गुण, एसी घेतलाच नाही तर त्याबद्दल काही नाही. उपास करणाऱ्याला 'तुम्ही जेवलात असं समजू' म्हणण्यासारखं.

आपल्या हवामानात हे फार महाग पडतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या १६ कार्यालयांत ६,३३० प्रतिसाद गोळा करून 'आयमॅक' हे सूत्र काढलं. ते राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतही आलं. खिडक्या उघडणाऱ्या इमारतीतल्या माणसाला कोणतं तापमान सुखाचं वाटतं? बाहेरच्या गेल्या ३० दिवसांच्या तापमानाच्या सरासरीला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. बाहेर सरासरी ३० अंश असेल तर उत्तर येतं २९. पूर्णवेळ एसी असलेल्या इमारतीचं सूत्र वेगळं आहे, त्यात तेच ३० घातले तर येतं साधारण २५.६. तेच शहर, तोच महिना, तशीच नोकरी करणारी माणसं, आणि सुखाच्या कल्पनेत साडेतीन अंशांचा फरक. इमारत माणसाला शिकवते की त्याने काय सहन करायचं. आता विचार करा, २९ अंशांत सुखाने काम करणाऱ्यांच्या इमारतीला 'सर्वसाधारण' एसी इमारतीशी जोडून तिची बचत मोजणारं मॉडेल काय सांगणार? (आयमॅकची मर्यादाही लक्षात ठेवा: सगळी कार्यालयं होती. घरात गंजी घालून बसता येतं, ऑफिसात नाही. हे सूत्र घरांवर जसंच्या तसं लावलेले प्रबंध दिसले तर तिथे प्रश्न विचारा.)

आणि माणसं. या साहित्यातला मला सगळ्यात प्रिय अभ्यास जुना आहे, १९७० च्या दशकातला. न्यू जर्सीमधल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलॉ यांच्या गटाने एकाच आराखड्याची जोडघरं वर्षानुवर्षं मोजली. भिंती त्याच, खिडक्या त्याच, हिवाळा तोच, तरी हीटिंगच्या गॅसमध्ये दुपटीहून जास्त तफावत. मग १९७८ च्या पेपरात सोंडरेगर यांनी फार साधी आणि फार हुशार गोष्ट केली. ज्या घरांत तेच लोक राहिले आणि ज्या घरांत नवे आले, असे दोन गट पाडले. जुने लोक राहिले तिथे जास्त खाणारं घर पुढेही जास्तच खात राहिलं. माणसं बदलली तिथे घराचा जुना क्रमांक नव्या वापराबद्दल फारसं काही सांगेना. ना महागडं यंत्र, ना प्रगत सॉफ्टवेअर. घर बदलणाऱ्या माणसांनीच प्रयोग करून दिला, संशोधकाने तो ओळखला.

'पर्यावरणपूरक राहणी' या विषयावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात नेमकी हीच मेहनत नसते. एकतर 'जुन्या वाड्यांत किती गार वाटायचं' हे गृहीत (वाटायचं की होतं? कुणी तापमापक ठेवला होता का, आणि तो चौकात की माजघरात?), नाहीतर एखाद्या सोसायटीची यशोगाथा: गच्चीवर सौर पॅनेल लावले आणि सोसायटीचं बिल शून्यावर आलं. छान. पण कोणतं बिल? हे बहुतेकदा सामायिक मीटरचं असतं, लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. फ्लॅटमधल्या एसी, गिझर, फ्रिजचे मीटर वेगळे, आणि त्यांचा या शून्याशी काही संबंध नाही. पुन्हा तोच प्रश्न: कशाचं, कशाने भागून.

तुम्हाला या विषयात हात घालायचा असेल तर सॉफ्टवेअरचा कोर्स लावायच्या आधी हे करा. ओळखीच्या एका सोसायटीतल्या वीस-पंचवीस घरांना संमती विचारून वर्षभराची महावितरणची बिलं मिळवा. मिळतील तेवढी, पण किती जणांनी नाही म्हटलं तेही लिहून ठेवा. प्रत्येक घराचं चटईक्षेत्र, राहणारी माणसं, दिवसा घरात कोण असतं, एवढं विचारा. मग तीच घरं चार वेळा क्रमाने लावा: एकूण युनिटप्रमाणे, चौरस फुटामागे, माणशी, आणि माणसं घरात असतात त्या तासामागे. चारही याद्यांत पहिल्या पाचात राहणारी घरं किती निघतात ते बघा, आणि गाइडकडे जाताना चारही याद्या घेऊन जा.